जकातीची भिंत आणि मिलचा भोंगा

श्रोतेहो, नमस्कार.

अनंत चतुर्दशीला राजवाड्यापाशी रात्र जागवली नाही असा इंदूरकर विरळाच. त्या रात्री मिलच्या झांक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार अशी नावं एकामागून एक येतात. पुढे आखाड्यातली पोरं लाठीकाठी फिरवतात, मागून दिव्यांनी लखलखणारे देखावे सरकतात, आणि पोराला खांद्यावर घेतलेला बाप पहाटेपर्यंत हलत नाही. शंभर वर्षांची ही प्रथा आहे. बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, "या मिल आहेत कुठे? उद्या दाखवाल का?" त्याला काय दाखवणार? हुकुमचंद मिलचा भोंगा डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाला. तिथल्या कामगारांची देणी हातात पडली ती २०२३ च्या डिसेंबरात. सुमारे ४८०० कामगार आणि २२४ कोटी रुपये. बत्तीस वर्षांत कितीतरी कामगार गेले, त्यांच्या जागी वारसांनी सह्या केल्या.

आजचा विषय आहे आयात शुल्क, म्हणजेच जकात. परदेशी मालावर जबर शुल्क बसवलं तर देशातली कारखानदारी पुन्हा उभी राहील का? अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हापासून छप्पन दुकानवर पोहे खाणारा माणूसही यावर मत देतो. "आपणही लावा की शंभर टक्के, भिया!" मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. माझे वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. (महाराष्ट्रातले पाहुणे गिरणी म्हणतात, आमच्याकडे गिरणी म्हटलं की पिठाचा डबा आठवतो.) मी स्वतः पिथमपूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळून निवृत्त झालो. म्हणजे एका घरात दोन पिढ्या जकातीच्या भिंतीच्या आडोशाला जगल्या. एकीचं वाटोळं झालं, दुसरीचं बरं चाललं.

जकातीबद्दल मराठी माणसाच्या मनात एक जुना हळवा कोपरा आहे, आणि तो उगीच नाही. १८९६ मध्ये सरकारनं विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क ठेवलं आणि मँचेस्टरच्या कापड कारखानदारांची कुरकुर नको म्हणून इथल्या मिलच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के कर बसवला. परक्याला वेसण घालायची आणि घरच्यालाही तीच. हा कर थांबायला १९२५ चा डिसेंबर उजाडला. त्याआधीच, १८९२ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात व्याख्यान देऊन सांगितलं होतं की इंग्लंडचं खुल्या व्यापाराचं शास्त्र इंग्लंडला शोभतं, नव्यानं उभं राहणाऱ्या देशाला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. पुढे १९२४ मध्ये पोलादाला संरक्षण मिळालं, टाटांचा कारखाना तगला. १९३२ मध्ये साखरेला मिळालं आणि पाचेक वर्षांत देशातले साखर कारखाने तीसच्या आसपास होते ते सव्वाशेच्या वर गेले. तेव्हा जकातीनं काहीच होत नाही असं जो म्हणतो, त्यानं साखरेचा इतिहास बघावा.

मग आमच्या मिल का मेल्या?

लोक सहज म्हणून जातात, परदेशी कापड आलं आणि मिल बुडाल्या. साफ खोटं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशी कापडाला या देशात जवळजवळ प्रवेशच नव्हता. जकात तर आकाशाला भिडलेली. १९९१ च्या जुलैत मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला तेव्हा कमाल आयात शुल्क १५० टक्क्यांवर आणलं. 'आणलं' म्हणजे खाली आणलं बरं का! ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची उरलेली बंधनं तर थेट १ एप्रिल २००१ ला उठली. म्हणजे इंदूरच्या मिलनी माना टाकल्या त्या देशाच्या सगळ्यात उंच भिंतीच्या आत. मालवा, कल्याण, स्वदेशी या तर १९७४ मध्ये सरकारच्या ताब्यात गेल्या होत्या. भिंतही सरकारची आणि मिलही सरकारची, तरी वाचल्या नाहीत.

वडील रात्रपाळीहून येऊन अंगणातल्या नळावर हातपाय धुताना बोलायचे, "आमचं कापड मँचेस्टर मारत नाही रे, बुऱ्हाणपूर मारतंय." बुऱ्हाणपूर, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी. चार-सहा पॉवरलूम, पत्र्याची शेड, घरचीच माणसं राबायला. फंड नाही, पाळ्यांचा हिशेब नाही, करातही सवलत. मिलला ते परवडण्यासारखं नव्हतं. आणि मिलचे साचे? वडिलांच्या खात्यातले साचे त्यांच्या वडिलांच्या वयाचे होते. तुटलेला भाग खात्यातच ठोकून बसवायचे. नवे साचे आणावेत तर चांगले साचे परदेशातले, आणि त्यांच्यावरही भरमसाट आयात शुल्क! कापडाला वाचवणाऱ्या भिंतीनं कापड विणणारं यंत्रही बाहेर अडवलं. मालकांनाही घाई नव्हती. जे निघेल ते खपत होतं, नफा दुसऱ्या धंद्यात जात होता. बदली कामगार, म्हणजे कायम माणूस गैरहजर असला तरच काम मिळणारे, रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि हजेरी न लागता परत जायचे, हे मी शाळेत जाताना पाहिलेलं आहे. भिंत उभी होती तेव्हा पाहिलेलं आहे.

आता पिथमपूर. इंदूरपासून पंचवीस-तीस किलोमीटर, जिल्हा धार. ऐंशीच्या दशकात तिथे माळरानावर शेड उभ्या राहिल्या. पुण्याच्या कायनेटिकनं होंडाबरोबर स्कूटर काढली ती इथे. बजाज टेम्पो आली. १९८६ मध्ये आयशरनं मित्सुबिशीबरोबर हलका ट्रक काढला तोही इथेच. त्या काळात जपान्यांबरोबर हलके ट्रक काढणाऱ्या चार कंपन्या देशात होत्या: डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, ऑल्विन निस्सान आणि आयशर मित्सुबिशी. चौघींना भिंत एकच. पण भिंतीबरोबर एक अटही होती. पहिल्या वर्षी इतके टक्के भाग इथले, पुढच्या वर्षी त्याहून जास्त, असं वेळापत्रकच बांधून दिलेलं होतं. त्यातच जपानचं चलन, येन, महागलं. जपानहून येणाऱ्या भागांची पेटी दर खेपेला जास्त किमतीची होऊ लागली. ज्यांना ते भाग इथे करून घेणं जमलं ते टिकले. डीसीएम टोयोटा आणि ऑल्विन निस्सान ही नावं आज फक्त माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना आठवतात. आयशर मात्र पुढे व्होल्वोबरोबर गेली आणि पिथमपूरच्या कारखान्यातून व्होल्वोसाठी इंजिनं बाहेरदेशी जाऊ लागली.

मी खरेदी खात्यात होतो, त्यामुळे ही 'इथे करून घ्यायची' भानगड काय असते ते सांगू शकतो. एखादं बुशिंग, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी नळी, आपल्या सांवेर रोडच्या वर्कशॉपमधून करून घ्यायचं तर पहिले सहा महिने नुसते नमुने नापास होतात. माप बरोबर असलं तर कठीणपणा कमी, कठीणपणा जमला तर तडा. वर्कशॉपवाला वैतागतो, आमचे तपासणीवाले डोळे वटारतात. जपानी पेटी स्वस्त आणि हाताशी असेल तर ही कटकट कोण करेल? कोणीच नाही. जकातीचा खरा उपयोग मला तिथे दिसला. चुका करायला ती वेळ मिळवून देते. त्या वेळात चुका केल्याच नाहीत तर मात्र ती वेळ गेलीच.

दुसरी बाजू आता माझ्या भाच्याच्या तोंडून ऐका. त्याचं सांवेर रोडला प्रेस शॉप आहे. पत्रा कापायचा, दाबायचा, पंख्याचे आणि पंपाचे भाग काढायचे. एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं पोलादाच्या काही सपाट मालावर २०० दिवसांसाठी १२ टक्के सुरक्षा शुल्क लावलं, स्वस्त परदेशी पोलाद लोटत येतंय म्हणून. पोलाद कारखान्यांना हायसं वाटलं असेल. भाच्याचा पत्रा महागला. तो परदेशी पत्रा वापरतच नाही, देशीच घेतो. पण परदेशी पत्र्यावर शुल्क लागलं की देशी पत्रावाला आपला भाव खाली कशाला ठेवील? एकाचा पक्का माल दुसऱ्याचा कच्चा माल असतो, आणि जकात लावताना पोलादवाल्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोचतो, प्रेस शॉपवाल्याचा लक्ष्मीबाईनगरपर्यंतसुद्धा पोचत नाही.

अमेरिकेनंही हे अनुभवलं आहे. २०१८ मध्ये त्यांनी धुलाई यंत्रांवर शुल्क लावलं. यंत्रं सुमारे १२ टक्क्यांनी महागली. गंमत अशी की कपडे वाळवायच्या यंत्रावर शुल्क नव्हतं, तरी तीही महागली, कारण तिकडे दोन्ही यंत्रं जोडीनं घेतात. कारखान्यांत नोकऱ्या वाढल्या, नाही असं नाही. अठराशेच्या आसपास वाढल्या. पण अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा ग्राहकांच्या खिशातून एकेका नोकरीमागे वर्षाला आठ लाख डॉलरहून जास्त गेले होते. एवढ्यात त्या कामगाराला घरी बसवून पगार दिला असता तरी पैसे उरले असते.

आणि आपलं सोयाबीन! माळव्यात राहून सोयाबीनवर न बोलता कसं उठू? सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर होते, क्विंटलला सहा हजार मागत होते. त्याच महिन्यात केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. वाटलं, आता भाव चढणार. छावनी मंडीत काय झालं? तेल महागलं, गृहिणींनी आणि सेववाल्यांनी बोटं मोडली, आणि सोयाबीन ४८९२ च्या हमीभावाखालीच रखडलं. कारण साधं आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळलं तर तेल निघतं अठरा किलोच्या आसपास. उरलेला बहुतेक भाग पेंड. तेलाला शुल्काची छत्री मिळाली, पेंडेला कोण विचारतो? पेंडेला जगात अर्जेंटिना-ब्राझीलशी झुंजायचं, आणि घरात इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मक्या-तांदळाच्या चोथ्याशी, जो कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्तात चालतो. शिवाय आपलं एकरी पीक ब्राझीलच्या निम्म्याहून कमी. ते कोणतं शुल्क वाढवणार? शेवटी महागाई बोचली आणि मे २०२५ अखेर सरकारनं कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क वीसचं दहा केलं. नऊ महिने पुरते झाले नव्हते.

हे नऊ महिने मला जास्त खटकतात. परवा भाचा घरी आला होता. मी त्याला विचारलं, "उद्या तुझ्या मालाला चिनी मालापासून संरक्षण मिळालं तर काय करशील?"

म्हणाला, "मामा, आधी सांगा किती वर्षं. पाच वर्षांचं लिहून देत असतील आणि दरवर्षी थोडं उतरणार असेल, तर कर्ज काढून नवी प्रेस घेतो, दोन पोरं कामाला लावतो. सहा महिन्यांचा भरवसा असेल तर भाव वाढवीन आणि गप्प बसेन."

मी विचारलं, "आणि पाच वर्षं संपल्यावर पुन्हा मुदतवाढ मागशील?"

हसला. "मागणार तर! सगळेच मागतात."

तेवढ्यात पत्र्याची गाडी आल्याचा फोन आला आणि चहा तसाच टाकून तो निघून गेला.

नमस्कार.