टीव्हीत लवकर पेटलं, आपल्या शाळेत उशिरा

(गावच्या वाचनालयात विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला दिलेलं व्याख्यान)

मंडळी, आत्ता माझी ओळख 'टीव्हीवर झळकलेले सर' अशी करून दिली. तिथं नेमकं काय झालं ते आज सांगूनच टाकतो, कारण तुम्ही पाहिलं ते अर्धंच होतं.

मुंबईहून फोन आला, गप्पांच्या कार्यक्रमात गमतीचे प्रयोग करून दाखवाल का? मी किराणा दुकानातून तेलाचा रिकामा पिपा घेतला न् निघालो. तिथल्या पोरांना पिपा काही आवडला नाही. "सर, जरा चकचकीत नाही का?" म्हणे. मी म्हटलं, बापा, याला वाकायचंच आहे.

पिप्यात दोन ग्लास पाणी घातलं, खाली शेगडी. वाफ भकाभका बाहेर यायला लागली की उतरवायचा, झाकण घट्ट लावायचं, वरून गार पाणी ओतायचं. एका लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. ती आतली हवा हुसकून लावते आणि गार झाली की तिचं पुन्हा इवलंसं पाणी होतं. मग बाहेरची हवा दाबते, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. पिप्याच्या एका बाजूवर सात-आठशे किलोचा भार! धाडकन आवाज झाला, निवेदिका दोन पावलं मागे सरकली, टाळ्या पडल्या. हा तमाशा काही आजचा नाही. १६५७ साली जर्मनीत माग्डेबुर्गला ऑटो फॉन ग्युरिकेनं धातूचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढून घेतली आणि ते ओढून वेगळे करायला सोळा घोडे जुंपले. आपल्याकडे बैल जुंपले असते, एवढाच फरक.

मग आला दुसरा प्रयोग. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकतो ती लाल दवा. आणि ग्लिसरीन, टाचांच्या भेगांना लावतो ते. वाटीत दवेची पूड, मधे खळगा, त्यात ग्लिसरीनचे थेंब. काडी न लावता पेटतं. मंतर मारून होम पेटवणारे बाबा याच्यावरच पोट भरतात, तूप म्हणून ग्लिसरीन ओततात. (पोरांनो, घरी करायचं नाही. माझ्या भुवईचा अर्धा भाग पाहा.)

मी थेंब टाकले. निवेदिका म्हणाली, "आणि आता जादू!" काहीच झालं नाही. दहा सेकंद गेले. वीस गेले. स्टुडिओत एसी असा की मला मफलर आठवला. समोर उभा माणूस हातानं खुणा करतो, आटपा, आटपा. मी वाटीकडे पाहतोय. एक मिनिट झालं असेल, तेव्हा कडेनं बारीक धूर निघाला, मग चर्र आवाज, मग जांभळी ज्योत.

कार्यक्रम लागला तेव्हा घरी आम्ही सगळे बसलो. थेंब पडला न् लगेच ज्योत. मधलं मिनिट कापलेलं! त्यांचंही खरं आहे, टीव्हीवर मिनिटभर वाटी कोण पाहणार? पण माझ्या मते त्या मिनिटातच सगळा प्रयोग होता.

दुसऱ्या दिवशी सातवीतली एक पोरगी आली. "सर, टीव्हीत त पटकन पेटलं. आपल्या शायेत काऊन एवढा टाइम लागते? त्याईची दवाई चांगली असन." मी तिला खरं सांगितलं. ग्लिसरीन गारठलं की दाट होतं. २० अंशाला जेवढं दाट, त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंच ते ४० अंशाला राहतं. पातळ झालं की पुडीत झटकन मुरतं. रसायनांची झटापटही उष्णतेनं वाढते. तिची उष्णता साचत गेली की भडका.

तेव्हापासून प्रयोग मी करतो आणि वेळ ती लिहिते. जानेवारीतल्या सकाळच्या प्रार्थनेनंतरची, एप्रिलमधल्या दुपारी दोनची. वही इथं आणली आहे. एप्रिलचे आकडे जानेवारीच्या निम्म्याहून कमी आहेत. एका ओळीत मात्र भर दुपारी वेळ वाढलेली दिसते. त्या दिवशी मी दवा न कुटता खडे तसेच टाकले होते. तिनं समासात लिहून ठेवलंय, "सरांनी आळस केला."

आता टेबल जरा मधे घ्या, पंखा बंद करा, पोरं चार हात मागे. घड्याळ कोणाकडे आहे?