तीन की चार? वैश्विक किरणांचं वस्तुमान ओळखताना

(पडद्यावर: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा सांगाडा, त्यावर बसवलेलं एएमएस.)

पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, अंतराळ स्थानकाच्या पाठीवर साडेसात टनांचं एक उपकरण बसवलेलं आहे. अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर, थोडक्यात एएमएस. मे २०११ पासून ते काम करतं आहे, आणि अंतराळातून प्रचंड वेगानं येणाऱ्या २०० अब्जांहून जास्त वैश्विक कणांची नोंद त्यानं आजवर घेतली आहे.

त्यातला एकच कण घेऊ. हेलियमचं केंद्रक. वरून आत शिरलं, चुंबकाच्या पोकळीतून किंचित वळलं आणि खालून निघून गेलं. काही अब्जांश सेकंदांत सगळं आटोपलं. त्यात दोन प्रोटॉन होते, एवढं नक्की सांगता येतं. न्यूट्रॉन किती होते? एक असेल तर ते हेलियम-३, दोन असतील तर हेलियम-४.

या एका न्यूट्रॉनवर बरंच काही अवलंबून आहे. उगमापासून निघालेल्या वैश्विक किरणांत, म्हणजे अशा कणांच्या प्रवाहात, हेलियम असतं ते जवळजवळ सगळं हेलियम-४. हेलियम-३ बहुतांशी वाटेत तयार होतं, ताऱ्यांमधल्या विरळ वायूवर आदळून जड केंद्रकं फुटतात तेव्हा. म्हणून दोघांचं प्रमाण कळलं की हे किरण किती वायूतून वाट काढत आपल्यापर्यंत आले याचा अंदाज बांधता येतो. पण त्यासाठी आधी तीन आणि चार वेगळे करता आले पाहिजेत.

(पडद्यावर: उपकरणाचा उभा छेद. कणाची वाट एका रेषेनं.)

तीन गोष्टी मोजायच्या. पहिली, विद्युतभार. सिलिकॉनच्या पातळ थरातून जाताना कण जी ऊर्जा मागे सोडतो, ती भाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हेलियमचा भार प्रोटॉनच्या दुप्पट, म्हणून त्याची खूण चौपट. इथे फारशी अडचण येत नाही. दुसरी गोष्ट, चुंबकात वाट किती वाकली. त्यावरून मिळते रिजिडिटी, म्हणजे संवेग भागिले भार. तिसरी, वेग. भार, रिजिडिटी आणि वेग हाती आले की वस्तुमान काढायला आइनस्टाइनच्या सापेक्षतेतलं दोन ओळींचं गणित पुरतं.

कागदावर पुरतं. उपकरणात काय होतं ते आकड्यांतच बघायला हवं.

समजा, दोन केंद्रकं आली, एक हेलियम-३ आणि एक हेलियम-४, दोघांची रिजिडिटी ४ गिगाव्होल्ट. चुंबकात दोघं अगदी सारखी वळतील. हलकं केंद्रक मात्र प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ९४ टक्के वेगानं धावत असेल आणि जड केंद्रक सुमारे ९१ टक्के. एएमएसमध्ये वेळ मोजणारे थर चुंबकाच्या वर आणि खाली आहेत, मध्ये साधारण १.२ मीटरचं अंतर. तेवढं अंतर कापायला दोघांना लागणाऱ्या वेळेत जवळपास १७० पिकोसेकंदांचा फरक पडतो. एका पिकोसेकंदात प्रकाश ०.३ मिलिमीटर पुढे सरकतो, यावरून हा काळ किती लहान आहे ते लक्षात येईल. तरीही १७० पिकोसेकंद आज मोजता येतात.

आता रिजिडिटी २० गिगाव्होल्टवर नेऊ. वेग होतात ९९.७५ टक्के आणि ९९.५७ टक्के. वेळेतला फरक उरतो सात-आठ पिकोसेकंद. हे घड्याळाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

इथे चेरेन्कोव्ह प्रकाश उपयोगी पडतो. एखाद्या पारदर्शक पदार्थात प्रकाश जितक्या वेगानं जातो, त्याहून वेगानं भारित कण गेला की प्रकाशाचा एक शंकू बाहेर पडतो. त्या शंकूचा कोन कणाच्या वेगावर ठरतो. एएमएसमध्ये त्यासाठी एरोजेल या अतिशय हलक्या, सच्छिद्र घन पदार्थाच्या पातळ लाद्या आहेत, अपवर्तनांक १.०५. २० गिगाव्होल्टच्या आपल्या दोन केंद्रकांचे कोन येतात १७.३१ अंश आणि १६.९६ अंश. फरक एका अंशाच्या साधारण तिसऱ्या भागाइतका. खालच्या प्रकाशसंवेदकांवर उमटलेल्या वर्तुळाच्या त्रिज्येतून तो वाचायचा.

आणि तिथेही चूक राहतेच. या ऊर्जेला वेग मोजण्यात हजारात एक इतकी चूक झाली, तर वस्तुमानात ती शेकडा १२ ते २० होऊन उतरते. रिजिडिटीतली दहा-एक टक्क्यांची अनिश्चितता वेगळीच. म्हणजे वस्तुमान ३.४ आलं तर तो कण कोणता? त्या एका कणाबद्दल प्रामाणिक उत्तर असं की सांगता येत नाही. सांगता येतं ते लाखो कणांबद्दल. त्यांच्या वस्तुमानांचा आलेख काढला की तीनपाशी एक उंचवटा दिसतो, चारपाशी दुसरा, आणि मध्ये दोघांच्या उतरणी एकमेकींत मिसळलेल्या असतात. किती कण कुठल्या उंचवट्याचे, हे ठरवायचं तर प्रत्येक उंचवट्याचा आकार शेपटीसकट आधी ठाऊक हवा. तो आकार सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर घडवलेली मोजमापाची नक्कल, देतं.

(पडद्यावर: संगणकावरचं उपकरणाचं प्रतिरूप, थरामागून थर उलगडताना.)

या कामासाठी जगभर वापरलं जाणारं साधन म्हणजे जिआंट-४. १९९८ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, त्यामागे सर्न ही युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा आणि अनेक देशांतल्या संस्था आहेत. त्यात आधी संपूर्ण उपकरण रचायचं. सिलिकॉन आणि एरोजेल तर हवंच, पण आधार देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कार्बन फायबरचे पत्रे, गोंद, तारा, सगळं जाडी आणि घनतेसह. मग वरून एक हेलियम-४ सोडायचं. ते पाऊल पाऊल पुढे जातं. प्रत्येक पावलावर किती ऊर्जा गमावली, किती विचलित झालं, एखाद्या केंद्रकावर आदळलं का, हे शक्यतांच्या नियमांनी ठरतं. थरांत उमटलेल्या खुणांना इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट जोडायचा आणि खऱ्या मोजमापांवर चालतो तोच प्रोग्रॅम यावरही चालवायचा. हे कोट्यवधी वेळा करायचं. खऱ्या नोंदीत आणि या नोंदीत फरक एकच: इथे उत्तर आधीपासून आपल्याकडे आहे, कारण कण आपणच सोडला.

याचा उपयोग कुठे होतो, ते एका घटनेत स्पष्ट दिसतं. हेलियम-४ उपकरणात शिरतं आणि वरच्याच एखाद्या थरात त्यातला एक न्यूट्रॉन झडतो. उरलेलं केंद्रक जवळपास त्याच वेगानं पुढे जातं. भार दोनच, वेग तोच, पण संवेग तीन चतुर्थांश. खालची सगळी मोजमापं एकमुखानं म्हणतील, हे हेलियम-३. मोजमापात कुठेही चूक नाही, तो कण त्या क्षणी खरोखर हेलियम-३च आहे! मात्र आकाशगंगेतून आला तेव्हा तो हेलियम-४ होता. असे किती कण आपल्या हिशेबात घुसले, हे नुसत्या आलेखाकडे बघून कळत नाही. सिम्युलेशनमध्ये ते मोजता येतात.

बेरिलियमचं प्रकरण याहून अवघड, आणि मला विचाराल तर याहून सुंदर. वैश्विक किरणांतलं बेरिलियम जवळजवळ सगळं कार्बन, ऑक्सिजनसारखी केंद्रकं वाटेत फुटून आलेलं असतं. त्याचे तीन समस्थानिक भेटतात. बेरिलियम-९ स्थिर. बेरिलियम-७ प्रयोगशाळेत ५३ दिवसांत निम्मं होतं, पण त्यासाठी त्याला स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळावा लागतो. अवकाशात धावताना त्याच्याभोवती एकही इलेक्ट्रॉन उरलेला नसतो, म्हणून ते लाखो वर्षं तसंच राहतं. बेरिलियम-१० चा अर्धायुष्यकाल सुमारे १४ लाख वर्षं. म्हणजे हे एक घड्याळच झालं. नऊच्या मानानं दहा किती कमी झालं, यावरून हे किरण आकाशगंगेत किती काळ भटकले ते काढता येतं. एस या यानावरच्या मोजमापांतून तो काळ साधारण दीड कोटी वर्षं निघाला.

पण नऊ आणि दहा यांच्या वस्तुमानांत फरक फक्त अकरा टक्क्यांचा. उंचवटे जवळजवळ एकमेकांत बुडालेले. त्यात उपकरणाच्या वरच्या आवरणातच एखादा कार्बन फुटून बेरिलियम-१० बाहेर पडू शकतं, आणि कोट्यवधी वर्षांच्या घड्याळात अब्जांश सेकंदापूर्वी जन्मलेला कण मिसळतो. २०२४ मध्ये स्वीडनमधून बलूनखाली उडालेला हेलिक्स हा प्रयोग याच प्रमाणासाठी, अतिवाहक चुंबक घेऊन गेला होता.

आता मूळ प्रश्न. सिम्युलेशनमध्ये कार्बन किती वेळा फुटतो, हे ठरवलं कुणी? आपणच. त्यातले आकडे चुकीचे असतील, तर आलेखावर सिम्युलेशनमधून काढलेलं टेम्प्लेट, म्हणजे उंचवट्याचा साचा, कितीही नेटकं बसलं तरी उत्तर चुकेल, आणि चुकलं आहे हे कळणारही नाही. म्हणून या क्षेत्रातली बरीचशी मेहनत सिम्युलेशन तपासण्यात जाते.

एएमएस उडण्यापूर्वी, २०१० मध्ये, सर्नच्या प्रवेगकावर त्यात ४०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन सोडले होते. कण कोणता आणि संवेग किती हे ठाऊक असताना उपकरण काय सांगतं ते बघितलं, आणि सिम्युलेशन त्यावर बेतून घेतलं. केंद्रकं फुटण्याच्या प्रमाणासाठी युक्ती वेगळी होती. अंतराळ स्थानक वळवून एएमएस आडवं असतानाच्या नोंदी एएमएसच्या शास्त्रज्ञांनी वापरल्या. अशा वेळी कण दोन्ही बाजूंनी आत येतात. खालच्या बाजूनं शिरलेलं हेलियम आतल्या थरांत आधी ओळखता येतं, आणि मग वरच्या बाजूच्या कार्बन आणि ॲल्युमिनियममधून ते सहीसलामत बाहेर पडलं की नाही हे मोजता येतं. उपकरणानं स्वतःच्याच आवरणाची परीक्षा घेतली. टेबलातले जुने आकडे उचलून पुढे जाता आलं असतं, पण हे लोक तसे गेले नाहीत. या निकालांवर माझा विश्वास बसतो तो यामुळे.

कधी कधी सगळा निष्कर्ष मूठभर कणांवर उभा असतो. एस यान १९९७ मध्ये सुटलं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेला. त्यातल्या क्रिस या उपकरणात कण सिलिकॉनमध्ये पूर्ण थांबतो, आणि वाटेत गमावलेली ऊर्जा व एकूण ऊर्जा यांवरून वस्तुमान निघतं. जवळपास १७ वर्षांच्या नोंदींत लोखंडाची साधारण तीन लाख केंद्रकं. त्यांत लोह-६० निघाली १५. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. लोह-६० चा अर्धायुष्यकाल २६ लाख वर्षं, म्हणजे ती काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या, फार दूर नसलेल्या सुपरनोव्हातून आलेली असणार. पण ती १५ केंद्रकं लोह-५८ च्या आलेखाची लांबलेली शेपटी तर नव्हेत? मधलं लोह-५९ ४४ दिवसांत निम्मं होतं, अवकाशात ते उरत नाही, त्यामुळे ५८ आणि ६० यांच्यामध्ये जागा मोकळी दिसायला हवी. ती दिसली. शेजारच्या कोबाल्टच्या आलेखाशीही ताडून पाहिलं, मगच निष्कर्ष काढला.

(पडद्यावर: अर्जेंटिनातलं सपाट पठार, दूरवर पसरलेल्या पाण्याच्या टाक्या.)

फार उंच ऊर्जेचे कण इतके विरळ असतात की ते पकडायला अवकाशातलं कुठलंही उपकरण अपुरंच. तिथे हवा हाच डिटेक्टर. कण वातावरणात शिरतो, फुटतो आणि कोट्यवधी दुय्यम कणांचा वर्षाव खाली येतो. अर्जेंटिनातल्या मालार्ग्वेजवळची पिएर ओजे वेधशाळा ३००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या १६०० हून जास्त टाक्यांतून हा वर्षाव टिपते. एकेका टाकीत १२ हजार लिटर पाणी. उटीला २२०० मीटर उंचीवर ग्रेप्स-३ हा असाच प्रयोग आहे, सुमारे ४०० सिंटिलेटर (कण गेला की चमकणारे फलक) आणि म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखे पण त्याहून जड कण, टिपणारी ५६० चौरस मीटरची दुर्बीण, तिच्यात सहा मीटर लांबीच्या ३७१२ नळ्या.

इथे वस्तुमान थेट मोजण्याचा मार्गच नाही. लोखंडाचं केंद्रक म्हणजे ५६ कणांनी ऊर्जा वाटून घेतलेली. म्हणून त्याचा वर्षाव लवकर, उंचावरच भरात येतो, आणि त्यात म्युऑन प्रोटॉनच्या वर्षावापेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त असतात. किती उंचावर आणि किती जास्त, हे कोर्सिका नावाचं सिम्युलेशन सांगतं. कार्ल्सरुहमध्ये ते तयार झालं. ग्रेप्स-३ नं म्युऑनच्या संख्येचे टेम्प्लेट लावून प्रोटॉन वेगळे काढले आणि २०२४ मध्ये दाखवलं की त्यांच्या ऊर्जेचा आलेख १६६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास कमी उताराचा होतो.

पण सर्वांत वरच्या ऊर्जांना हे सिम्युलेशन डगमगतं. ओजेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की टाक्यांतल्या नोंदी जुळवायच्या तर सिम्युलेशनमधला म्युऑनशी निगडित भाग ३० ते ६० टक्क्यांनी वाढवावा लागतो. वर्षाव किती खोलवर भरात येतो त्यावरून वस्तुमान एक निघतं, म्युऑनवरून त्याहून बरंच जड. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. दोष बहुधा हवेतल्या पहिल्या काही टकरींच्या वर्णनात आहे, आणि त्या टकरी कुठल्याही प्रवेगकात घडवता येत नाहीत. एलएचसी या सर्नच्या सर्वांत मोठ्या प्रवेगकातली प्रोटॉन-प्रोटॉन टक्कर वैश्विक कणांच्या भाषेत १० च्या १७ व्या घाताइतक्या इलेक्ट्रॉनव्होल्टची. ओजेला दिसणारे सर्वांत ऊर्जावान कण त्याच्या हजारपट.

तरी दोन बाजूंनी काम चाललं आहे. जुलै २०२५ मध्ये एलएचसीमध्ये पहिल्यांदाच प्रोटॉन ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळवले गेले. हवेत घडतात तशाच, फक्त कमी ऊर्जेच्या टकरी, पण या वेळी भोवती पूर्ण तपासलेले डिटेक्टर. आणि ओजेमध्ये टाक्यांवर सिंटिलेटरचे सपाट फलक बसवले आहेत. पाण्यात म्युऑनचा वाटा मोठा दिसतो, फलकात इलेक्ट्रॉनचा. एकाच वर्षावाची दोन वाचनं शेजारी ठेवली की म्युऑन किती ते मोजता येतं, त्यांची संख्या सिम्युलेशनकडून उसनी घ्यावी लागत नाही.