कॅसेट पळवणारा माणूस आणि हवेत उडणारी बाई

बाहेरच्या फळ्यावर ‘तलवारपटांचे सौंदर्यशास्त्र’ असं लिहिलंय. ते नाव माझं नाही. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, की चिनी तलवारीच्या सिनेमात माणसं का उडतात, यावर बोलतो. ते संयोजकांना फारच हलकं वाटलं असावं. असू दे. माणसं का उडतात ते मी सांगणार आहे, पण शेवटी. त्याआधी मला एका माणसाची तक्रार करायची आहे. चाळीस वर्षं पोटात ठेवलीय, आज तुम्ही तावडीत सापडलाय.

मी सिंधुदुर्गातला. सातवीत असताना आमच्याकडे बाजारात एक व्हिडिओ सेंटर सुरू झालं. सेंटर म्हणजे भाताच्या गोदामाची मागची खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर, खाली ताडपत्री. तिकीट दोन रुपये. मालक स्वतः व्हीसीआरला चिकटून बसायचा. हाँगकाँगच्या कॅसेट यायच्या, इंग्रजी आवाज घातलेल्या. इंग्रजी आम्हाला येत नव्हतं आणि त्यालाही येत नव्हतं. म्हणून मारामारी संपली, की तो कॅसेट पुढे पळवायचा. पुढची मारामारी आली की सोडायचा. कुणी हरकत घेतली तर म्हणायचा, “रे, हे नुसते बोलतत. काय समाजतला तुका? फुडे मारामारी आसा.” पावणेदोन तासांचा सिनेमा चाळीस मिनिटांत. रात्री दोनऐवजी चार खेळ. धंद्याच्या हिशेबानं माणूस चुकत नव्हता.

पण आमचं काय झालं बघा. एक सिनेमा होता. त्यात एक सराई, तलवार चालवणारी एक पोरगी, आणि पडद्यावर आडव्या पट्ट्या पडत असताना टुणटुण उड्या मारत जाणारा एक भिकारी, मागे सात-आठ पोरं. कथा काय ते कुणालाच ठाऊक नाही. मग शाळेच्या वाटेवर आम्हीच ती तयार केली. आमच्या मते सगळं भांडण एका म्हशीवरून होतं. म्हैस कुठे दिसली नव्हती, पण ती पळवलेल्या भागात असणार, याबद्दल एकमत होतं. एका मित्रानं तर ती पाहिल्याचंही शपथेवर सांगितलं.

पुढे वीस वर्षांनी मुंबईत तोच सिनेमा अख्खा पाहिला. ‘कम ड्रिंक विथ मी’, १९६६, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या सिनेमा कंपनीचा, दिग्दर्शक किंग हू. म्हैस नाही. सुभेदाराच्या पोराला डाकूंनी धरून नेलंय, आपला म्होरक्या सोडवून घ्यायला, आणि ती पोरगी म्हणजे त्या पोराची बहीण. ती चेंग पेइ-पेइ. तेव्हा जेमतेम विशीतली, तलवारीच्या नव्हे, नाचाच्या तालमीत वाढलेली. २०२४ साली गेली. आणि तो भिकारी उड्या मारत नव्हता हो! तो पोरांना घेऊन गात होता. गाणं पळवलं की उड्या दिसतात.

पण मला खरा धक्का बसला तो सराईत. पोरगी पुरुषी वेशात येते, एका मेजाशी एकटी बसते. भोवती डाकू. कुणी आवाज चढवत नाही. आधी अदबीनं बोलणं, मग टोमणे, मग दारूचं भांडंच अंगावर येतं. ती बसल्या जागेवरून उठत नाही. तिचे डोळे तेवढे एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातात. खुर्चीत मी ताठ झालो होतो. तलवार अजून म्यानात आहे, आणि आपल्याला कळून चुकलंय, की या खोलीत हिच्या तोडीचा कुणी नाही. हे सगळं आमच्या मालकानं पळवलं होतं. बसणं, बघणं, पेला उचलणं, सगळं. ‘नुसते बोलतत!’

किंग हूला सराईचा नादच. शॉ ब्रदर्स सोडून तो तैवानला गेला आणि १९६७ साली ‘ड्रॅगन इन’ केला. त्यात तर जवळजवळ सगळा सिनेमा सरहद्दीवरच्या एका ओसाड सराईत. साल १४५७, मिंग राजवट. एका प्रामाणिक मंत्र्याचा शिरच्छेद झालाय, त्याच्या पोरांना हद्दपार केलंय आणि त्यांना गाठून मारायला खोजा सरदाराची माणसं सराईत दबा धरून आहेत. नायक येतो कसा? छत्री घेऊन, हसतमुख, जेवायला. एका क्षणी तो नूडल्सचा भरलेला वाडगा खोलीच्या या टोकाहून त्या टोकाच्या मेजावर फेकतो. सांडत काही नाही. पंगतीत आमटी वाढणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा.

आता हे कुठून आलं? किंग हू बीजिंगचा, लहानपणापासून तिथला ऑपेरा, म्हणजे गाण्या-मारामारीचं जुनं चिनी नाटक, बघत वाढलेला. त्या रंगमंचावर सामान काय, तर एक मेज आणि दोन खुर्च्या. तेच मेज डोंगर, तेच न्यायासन, तेच सराईतला पलंग. इथे दशावतार पाहिलेली मंडळी हसतायत, बरोबर आहे. आमच्याकडेही एक बाकडं. त्यावर राजा बसला की सिंहासन, उभा राहिला की कैलास. त्या ऑपेरात ‘सान चा कौ’ नावाचा एक खेळ आहे. सराईतली खोली, रात्र, किर्र अंधार, दोन माणसं एकमेकांना चाचपडत तलवारीनं लढतायत. आणि रंगमंचावर लख्ख उजेड! अंधार फक्त त्या दोघांच्या अंगात. पातं नाकासमोरून जातं तरी ह्याला दिसत नाही, आणि आपण श्वास धरून बसतो.

शिवाय ताल. आमच्या दशावतारातलं युद्ध पखवाज आणि झांज यांच्याशिवाय उभंच राहत नाही. बीजिंगमध्ये एक लहानसा, कडक आवाजाचा ढोल आणि लाकडी पट्ट्या वाजवणारा माणूस सगळ्या वाद्यांना चालवतो, नटांनाही. किंग हूच्या मारामारीत तोच ठोका ऐका. टक्, टक्, टक्, थांबणं. त्या थांबण्यात दोघं एकमेकांकडे बघतात. त्याचा मारामारी बसवणारा हान यिंग-च्येही ऑपेरातलाच. (इथे एक गंमत: आमच्याकडे लुगडं नेसून बाप्ये उभे राहतात आणि तिकडे बाई पुरुषी वेशात येऊन सगळ्यांना लोळवते. दोन्हीकडे प्रेक्षक मात्र बिनतक्रार मान्य करतो.)

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. मी पाच समजतो, कारण सिनेमाही दाखवायचाय.

एक वेगळ्या चवीचा दिग्दर्शक मात्र राहायला नको, चांग चेह. त्याचा ‘वन-आर्म्ड सोर्ड्समन’ही १९६७चाच, हाँगकाँगमध्ये दहा लाख डॉलरचा गल्ला करणारा तिथला पहिला सिनेमा. नायक जिमी वाँग यू, त्याचा उजवा हात गुरूची मुलगीच रागाच्या भरात तोडते. मग तो अर्धवट जळालेल्या पोथीवरून डाव्या हातानं शिकतो, आणि हातात काय, तर मेलेल्या बापाची मोडकी तलवार. शत्रूनं गुरूच्या शिष्यांसाठी एक खास चिमटा बनवलाय, तलवार पकडून ठेवणारा. एकामागून एक शिष्य त्यात अडकून मरतात. ह्याची तलवार आखूड, अडकतच नाही! पोथी जळकी, हात एक, पातं अर्धं, म्हणून हा जिंकतो. यावर मला अर्धा तास बोलायचं होतं. रक्त फार आहे त्यात, एवढं सांगून सोडतो.

आता उडण्याचं. भरभर सांगतो.

या प्रकाराला वूश्या म्हणतात. वू म्हणजे शस्त्रविद्या. श्या म्हणजे दिल्या शब्दाला जागणारा, दुबळ्याच्या बाजूनं उभा राहणारा. हा माणूस राजाच्या राज्यात राहत नाही, च्यांगहूत राहतो. शब्दशः नद्या-सरोवरं, सरकारी कायद्याबाहेरचं, वाटेवरचं, सराईतलं जग. त्याची विद्या मुरली, की अंग हलकं होतं, अशी तिथल्या कथांतली जुनी समजूत. १९२८ साली शांघायमध्ये अशा सिनेमांची लाट आली होती, आणि १९३१ साली सरकारनं त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या मालिकेवर बंदी घातली. म्हणजे उडणं नवं नाही. ते पडद्यावर खरं कसं वाटेल, हा प्रश्न होता.

किंग हूचं उत्तर ‘अ टच ऑफ झेन’मधल्या बांबूच्या बनात आहे. तीन तासांचा सिनेमा, १९७५ साली कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालेला. नायिका शू फेंग बांबूच्या शेंड्यावरून तलवार घेऊन सरळ खाली झेपावते. पाहताना तुम्ही शपथेवर सांगाल, की ती उडाली. आता तोच भाग सावकाश, एकेक तुकडा बघा. पायाखाली लपवलेल्या ट्रॅम्पोलिनवरून, म्हणजे उसळवणाऱ्या ताणलेल्या कापडावरून, घेतलेली उसळी, एक तुकडा. पानांमधून जाणारं वस्त्र, सेकंदाच्या आत संपतं. बांबूचं खोड. खालच्याचा वर वळलेला चेहरा. जमिनीवर टेकलेला पाय. संबंध उडी कुठेच नाही! ती कापून टाकलीय. आपल्या डोळ्याला वाटतं, आपल्यालाच उशीर झाला, ती आपल्यापेक्षा चपळ आहे. पुढे दोऱ्यांना टांगून माणसं पूर्ण उडवून दाखवायला लागले. ते मला झोपाळ्यासारखं वाटतं. मतभेद असू शकतो, चहाच्या वेळी भांडू.

तर आमच्या मालकानं बसणं कापलं आणि उडी ठेवली. किंग हूनं बसणं ठेवलं आणि उडी कापली. कात्री दोघांच्याही हातात होती. आणि म्हैस पाहिलेला माझा मित्रसुद्धा अगदीच खोटं बोलत नव्हता, हे मला बांबूच्या बनात कळलं. मधलं कापलं, की माणूस स्वतः भरतो. फक्त किंग हूला ठाऊक होतं, की आपण काय भरणार आहोत.

संयोजक उभे राहून हातवारे करतायत, थांबतो. आता ‘अ टच ऑफ झेन’च लावतायत. एक सूचना. नायक गावातला चित्रकार आहे, त्याची आई त्याच्यामागे लग्न कर, परीक्षेला बस असा धोशा लावून असते, पडक्या गढीत रात्री कसलेतरी आवाज येतात. पहिली तलवार निघायला जवळजवळ एक तास आहे. तोवर कुणी उठायचं नाही. आणि तो रिमोट जरा इकडे, माझ्याकडे द्या.