जन्मसाल 2001

[दृश्य : मोबाईलचा पडदा, अगदी जवळून. तारखेचं चक्र फिरतंय. फक्त अंगठा दिसतो.]

निवेदन :
अंगठ्याचा एक झटका पुरतो. 2010, 2008, 2005... सालं भराभर मागे पळतात आणि 2001 वर थांबतात. तिनं ते साल निवडलं नव्हतं, चक्र तिथं थांबलं एवढंच. खाली 'पुढे' दाबलं आणि दहा वर्षांची मुलगी इन्स्टाग्रामच्या दप्तरी एकोणीस वर्षांची झाली.

ही 2020 ची गोष्ट. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली होती. नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात वडिलांचा जुना फोन तिच्या हातात आला तो पाचवीच्या गणितासाठी. तास अकराला संपायचा. फोन परत मागायला मात्र संध्याकाळपर्यंत कोणी यायचं नाही.

आज ती अकरावी सायन्सला आहे. या फिल्ममध्ये ती तुम्हाला दिसणार नाही.

ती अजून अठराची नाही. तिचा चेहरा दाखवायचा तर आईवडिलांची परवानगी हवी. परवानगी मागायची तर ती कशाबद्दल बोलणार हे त्यांना सांगायला हवं. आणि ते सांगितलं, की तिचं दुसरं अकाउंट घरी कळलंच. यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, मुलं दाखवायचीच नाहीत. हात, चपला, सॅक, कटिंगचे ग्लास, बस. आवाजही त्यांचे नाहीत, त्यांचं बोलणं मोठी माणसं वाचून दाखवतात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

[दृश्य : कॉलेज रोड, संध्याकाळ. स्कूटींची रांग. बाकावर ठेवलेले चार फोन, चारही पालथे.]

तेराच्या आत अकाउंट काढता येत नाही, हे प्रत्येक मुलाला माहीत असतं. हा तेराचा आकडा आला कुठून, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेत 1998 मध्ये एक कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची असेल तर आधी पालकांची संमती घ्या, असं त्यानं कंपन्यांना बजावलं. संमती घेण्याची कटकट कोण करणार? कंपन्यांनी दारावर पाटी लावून टाकली, तेराच्या आत प्रवेश नाही. दारावर माणूस मात्र ठेवला नाही. जन्मतारीख तुम्हीच सांगायची आणि ती त्यांनी खरी धरायची.

म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं ऑनलाइन आयुष्य एका खोट्या तारखेनं सुरू होतं. त्यात कोणाला काही वाटतही नाही. एसटीत अर्ध्या तिकिटासाठी पोराचं वय कमी सांगणाऱ्या आपल्या लोकांना तरी का वाटावं?

फरक एवढाच, की एसटीतलं खोटं स्टँड आल्यावर संपतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामनं भारतात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी खाती आणली. अकाउंट आपोआप प्रायव्हेट. अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही. रात्री दहानंतर नोटिफिकेशन बंद. सोळाच्या आतल्या मुलांना हे नियम सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. वय लपवणारी मुलं हुडकायचे मार्ग आपल्याकडे आहेत, असं कंपनी म्हणते. आमच्या या मुलीपर्यंत ते पोचलेले नाहीत. कंपनीच्या लेखी ती पंचविशीची बाई आहे. तिला कशाला सांभाळायचं? तिच्या रिक्वेस्टच्या खान्यात रोज कोणी ना कोणी 'हाय डिअर' करून गेलेला असतो.

[दृश्य : दोन प्रोफाइलचे पडदे शेजारी शेजारी. नावं आणि चेहरे धूसर केलेले.]

आता तिची दोन अकाउंट. मुलं अकाउंट म्हणत नाहीत, आयडी म्हणतात.

पहिल्या आयडीवर पूर्ण नाव आहे. तिथं दोन मावश्या, आत्या, चुलतभाऊ, क्लासचे सर आणि सोसायटीतले एक काका आहेत. या आयडीवर गणपती येतात, पाडव्याला ढोलपथक येतं, नऊवारीतला एक फोटो येतो. रंगपंचमीला रंगात नखशिखांत भिजलेला फोटो एकदा आला होता. अर्ध्या तासात मावशीचा फोन आईला गेला. फोटो उतरला.

दुसऱ्या आयडीवर नाव नाही, डीपीला एक ढग आहे. फॉलोअर्स जेमतेम तीस-चाळीस, सगळे निवडलेले. तिथं फिजिक्सच्या पेपरनंतरचं रडणं आहे. कोणावर तरी जीव जडल्याच्या दोन ओळी आहेत. घरच्यांबद्दल असं काही आहे, जे आपण इथं वाचून दाखवणार नाही.

यातली खरी ती कोणती, असं आम्ही विचारलं. प्रश्न बावळट होता, हे तिच्या उत्तरावरून कळलं.

"तुम्ही घरी बोलता तसंच ऑफिसात बोलता का?"

नाशिक मोठं झालं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी, नाशिकरोडच्या पलीकडे गेलेल्या वस्तीनं ते वाढलं. पण कॉलेज रोडला कोणाबरोबर उभी होतीस, ही बातमी पंचवटीत आजीपर्यंत आजही तू घरी पोचायच्या आत पोचते. अशा गावात मुलगी दुसरं अकाउंट काढते, ते जगाला फसवायला नाही. मावशी, सर आणि मैत्रीण एकाच खोलीत बसलेली असतील, तर माणूस कोणाशीच धड बोलत नाही. म्हणून तिनं खोल्या वेगळ्या केल्या. मोठ्यांच्या तक्रारीत याला लपवाछपवी म्हणतात. आमच्या मते पोरांना प्रायव्हसी कळते ती इथेच, आणि चांगली कळते.

[दृश्य : गंगापूर रोडजवळची एक रूम. खाटेखाली ट्रंक, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल.]

हा मुलगा सुरगाण्याकडचा. एकोणीस पूर्ण आहे, कॅमेऱ्यासमोर यायला मोकळा. तरी नको म्हणाला.

त्याच्या बायोत 'नाशिककर' आहे. नुसतं नाव आहे, आडनावाच्या जागी एक टिंब.

"आडनाव लिहिलं की आधी गाव काढतात. मग जात. मग विचारतात, कोट्यातून लागला का. मी खोटं नाही सांगत. कमी सांगतो."

त्याचाही दुसरा आयडी आहे, आणि त्यावर चेहरा कधीच नसतो. तो तिथं घरच्या कोकणी बोलीत बोलतो. ही समुद्राकाठची कोकणी नव्हे, सुरगाणा-पेठच्या डोंगरातली. चुलीवर फुगणारी नागलीची भाकरी, भातलावणीच्या चिखलात रुतलेले पाय, गावच्या बोहाड्यातली सोंगं, असे व्हिडिओ. स्वतःच्या नावावर मिळतात त्याच्या कितीतरी पट लाइक इथं मिळतात. मध्यंतरी वर्गातल्या एका मित्रानं त्यालाच त्यातला व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ, काय भारी बनवतो हा माणूस."

त्यानं हार्ट दिला आणि गप्प बसला.

[दृश्य : रामकुंड, सकाळ. पायऱ्यांवर उघडलेली लांबट चोपडी. पानावरची अक्षरं वाचता येणार नाहीत इतक्या लांबून.]

पंचवटीत कॅमेरा आणला, की भिक्षुकाच्या वेषात आलेल्या रावणाची गोष्ट सांगायचा मोह होतो. तो आवरला. इथे दुसरं काहीतरी आहे.

अस्थी घेऊन, श्राद्धाला म्हणून लोक रामकुंडावर येतात आणि तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत नाव लिहून जातात. गाव, वडिलांचं नाव, मुलंबाळं, खाली सही. पिढ्यान् पिढ्यांच्या अशा नामावळ्या नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला जपलेल्या आहेत. पणजोबांचं अक्षर बघून माणसं तिथेच पायरीवर बसतात. पण पान असंच उघडत नाही. आधी प्रश्न येतो, कुठले तुम्ही? आडनाव काय? उत्तर जुळलं तर तुमच्या घराण्याचं पान, शेजारच्याचं नाही.

ज्या आडनावावर इथे पान उघडतं, त्याच आडनावाशी सुरगाण्याचा मुलगा टिंब देऊन थांबतो. ओळख कोण विचारतंय आणि विचारून पुढे काय करणार आहे, हे त्याला चोपडीवाल्याइतकंच कळतं.

[दृश्य : कोरा पडदा. फक्त टायपिंगची तीन टिंबं, दिसतात आणि जातात.]

आता ज्याच्यासाठी हा विषय हाती घेतला, ते.

एखादा फोटो विश्वासानं पाठवलेला असतो. कधी पाठवलेलाही नसतो, डीपीवरचा चेहरा उचलून दुसऱ्या अंगावर चिकटवलेला असतो. आणि मेसेज येतो, पैसे टाक, नाहीतर तुझ्या आईला पाठवतो.

धमकी फोटोची नसते, नीट बघा. आईची असते.

मुलांना आम्ही विचारलं, असं झालं तर घरी सांगाल? उत्तर जवळजवळ सगळ्यांचं एकच आलं. एकीचे शब्द असे :

"आई ओरडेल त्याचं काही नाही हो. पण फोन काढून घेईल ना."

फोन गेला म्हणजे क्लासच्या नोट्स गेल्या, सीईटीचा ग्रुप गेला, मैत्रिणी गेल्या. खरं सांगायची किंमत ही. खोटं फुकटात पडतं. प्रामाणिकपणावर भाषण देण्याआधी घरानं हा हिशेब एकदा मांडून बघावा. धमकी देणाऱ्यानं तो कधीच मांडलेला असतो.

[दृश्य : कागदावर हातानं लिहिलेले आकडे.]

तेव्हा सरळ सांगतो. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. त्याच्या आयडीचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग ब्लॉक मारा. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर बायका-मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याची ओळख चोरण्याला 66 सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. खाजगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं, पाठवणं 66 ई मध्ये येतं. समोरची व्यक्ती अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा लागतो, आणि तो पाठवणाऱ्या मित्रालाही लागू शकतो, हे मुलांना सहसा माहीत नसतं.

'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे, अठराच्या आत काढलेल्या उघड्या फोटोंसाठी. तिथं फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. तुमच्या फोनवरच त्या फोटोपासून आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा बाहेर जातो. सहभागी कंपन्या आपल्याकडे तसाच ठसा सापडला तर फोटो उतरवतात. व्हॉट्सॲपच्या कुलूपबंद चॅटमध्ये मात्र त्याचा हात पोचत नाही.

[दृश्य : व्हॉट्सॲप स्टेटस. गुणपत्रिकेचा फोटो, पूर्ण धूसर केलेला.]

आणि मोठी माणसं? दहावीच्या निकालाच्या दिवशी कोणाचंही स्टेटस बघा. पोरीची अख्खी गुणपत्रिका. पूर्ण नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, शाळा. बोर्डाच्या वेबसाइटवर निकाल उघडायला हेच दोन लागतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. मुलीला विचारलं होतं का? "त्यात काय विचारायचं, कौतुकच करतोय," असं एक वडील म्हणाले. तिला गणितात कमी होते. ते आत्याला कळायला नको होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमतानं सांगितलं, की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. तो सरकारपुढे मांडता येतो. वडिलांपुढे मांडायचा तर जेवणाआधी की जेवणानंतर, ते बघावं लागतं.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं मूल म्हणजे अठराच्या आतलं, असं ठरवलं. मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांचं वागणं टिपून जाहिराती मारायच्या नाहीत, आणि त्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती घ्यायची. मोडलं तर 200 कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे 2027 चं साल उजाडणार. कायदा चांगला आहे. पण ढगाच्या डीपीवाल्या आयडीला कोणते पालक संमती देणार? तेव्हा आणखी किती मुलं 2001 साली जन्मतील, याचा विचार दिल्लीत कोणीतरी केला असेल अशी आशा.

[दृश्य : इंदिरानगरमधलं स्वयंपाकघर. ओट्याला टेकवलेला फोन. बाईंचे हात भाजी निवडताहेत.]

या ताईंची मुलगी बारावीला आहे. आधीच्या मुलीशी यांचा संबंध नाही, आणि असता तर आम्ही सांगितला नसता.

ताईंचाही एक फेक आयडी आहे. डीपीला जास्वंद. बायोत एका कॉलेजचं नाव, जिथं त्या कधी गेल्या नाहीत. त्यावरून त्या लेकीला फॉलो करतात.

"लक्ष ठेवायला नको का? ती मला खरं कुठे सांगते?"

याच घरात, ताई खाली दूध आणायला गेल्या तेव्हा, कॅमेरा बंद असताना लेक हसत म्हणाली, तो जास्वंदवाला आयडी आईचाच आहे, तिला पहिल्या दिवसापासून माहितीये. कॉलेजातली कुठली मुलगी 'शुभ सकाळ' लिहिते? तिनं तिला काढलेलं नाही. अभ्यास करतानाचे फोटो मुद्दाम टाकते, तेवढाच आईला धीर.

हे फिल्ममध्ये घ्यायचं का, असं आम्ही तिला विचारलं.

"घ्या ना. आईनं बघितलं तर बरंच होईल. मला तोंडानं सांगता येत नाहीये."

मग आम्ही ताईंनाही विचारलं, आधी सगळं सांगून. भाजी निवडता निवडता त्या थांबल्या, लेकीच्या खोलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शुभ सकाळ लिहीत नाहीत का आजकाल?"

दोघींनी सही केली.