जत्रेची तारीख, पाळीची तारीख

(दृश्य: सातारा एसटी स्टँड. रातराणीने आलेली माणसं पिशव्या घेऊन उतरतायत.)

चैत्र लागला की पहाटेपासून स्टँडवर मुंबईच्या गाड्या लागतात. पाटण, जावळीकडची कितीतरी घरं मुंबईतल्या माथाडीच्या पगारावर उभी आहेत. अपशिंग्यासारख्या गावातून तर पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत गेली. नवरा घरी येणार तो जत्रेला, गणपतीला, दिवाळीला. माथाडीला आठ दिवस, फौजीला रजा मिळेल तेवढी. बायकोची पाळी मात्र यात्रा कमिटीला विचारून येत नाही.

मग जोडपी आपापला हिशोब मांडतात.

(दृश्य: उपकेंद्राचा ओटा. चेहरे दाखवायचे नाहीत.)

"पाळीत दिवस न्हाई राहत म्हणत्यात की, ताई. मग तेवढ्याच दिसांत..." पुढचं ती बोलत नाही. शेजारची पदर तोंडाला लावून हसते. आशाताई हसत नाहीत. खडू घेऊन त्या फरशीवर रेघा ओढायला लागतात, एका दिवसाला एक. अठ्ठावीस.

"तुझी किती दिवसांनी येते?"

"एकवीस, बावीस."

आशाताई तळहाताने शेवटच्या सहा रेघा पुसून टाकतात. आता मागून मोजायचं. पुढची पाळी यायच्या साधारण 14 दिवस आधी स्त्रीबीज सुटतं. म्हणजे अठ्ठावीस दिवसवालीचं चौदाव्या दिवसाच्या आसपास, आणि हिचं आठव्याच दिवशी. बीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात 5 दिवसांपर्यंत तग धरतात. पाळीच्या पाचव्या दिवशी, अजून थोडं अंगावरून जात असताना संबंध आला, तर आठव्या दिवशी सुटणारं बीज त्यांना सहज गाठता येतं. रक्ताबरोबर सगळं वाहून जातं, हा समज तिथेच कोसळतो.

पाळी नियमित आणि अठ्ठावीस-तीस दिवसांची असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांत दिवस जाण्याची शक्यता फारच कमी, हेही खरं. पण पाळी घड्याळासारखी किती जणींची येते? त्यात महिन्याच्या मध्ये पडलेले डाग पाळी समजून बसलेल्याही असतात. आणि नेमका तोच काळ दिवस राहण्याचा असू शकतो.

(दृश्य: मेडिकलचं दुकान, काउंटरवर ठेवलेला हात.)

जत्रेच्या तोंडावर मेडिकलमध्ये एक गोळी हमखास खपते: पाळी पुढे ढकलायची. देवाचं असतं, नैवेद्य करायचा असतो, घरात बाजूला बसणं परवडत नाही. सून गोळी घेते, सासूच आणून देते. नवराही याच दिवसांत घरी. आणि या गोळीने पाळी थांबली म्हणजे दिवसही राहणार नाहीत, असं दोघंही धरून चालतात. पाळी लांबवायला देतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी गर्भनिरोधक नाही. शिवाय पाळी पुढे गेली की खडूच्या सगळ्या रेघाही सरकल्या. जिथे सासू गोळी आणून देते, तिथे निरोधचं पाकीट कोण आणणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळीचंही तेच. "ते आले की चालू करते, गेले की बंद." अशाने ती लागूच पडत नाही. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या 5 दिवसांत सुरू करायची आणि नवरा मुंबईला असो नाहीतर सीमेवर, रोज घ्यायची. उशिरा सुरू केली तर पहिले 7 दिवस निरोध जोडीला हवाच.

रजेवर चालणाऱ्या घराला आमच्या मते दोनच गोष्टी सोयीच्या: निरोध किंवा तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी. निरोध पाळीतही वापरावा, रक्तातून पसरणारे आजार त्याने अडतात. तांबी एकदा बसवली की तारखा मोजायची भानगड नाही. 380ए प्रकारची 10 वर्षं चालते. याशिवाय अंतरा नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

आणि चूक झालीच, तर 72 तासांच्या आत तातडीची गर्भनिरोधक गोळी, जितक्या लवकर तितकी बरी. दर रजेला घ्यायची ती गोष्ट नव्हे. नंतर पाळी चुकली किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तर दिवस गेलेत का हे बघायला निश्चय किटवर लघवीची तपासणी करून घ्यायची.

(दृश्य: जिल्हा परिषदेची इमारत.)

याच जिल्ह्यात 2007 साली जिल्हा परिषदेने नव्या जोडप्यांसाठी योजना काढली होती. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर 5,000 रुपये, तीन वर्षं लांबवलं तर 7,500. तिचं नाव सेकंड हनीमून पॅकेज! हसायला आलं तरी एक मानावं लागेल, पाळणा लांबवायची गोष्ट तिने चारचौघांत आणली.

(दृश्य: पुन्हा ओटा.)

"तांबी परत निघती का, ताई?"

"पाहिजे तेव्हा. पण बसवायची तर त्यांची रजा मंजूर झाल्याबरोबर मला सांग, ते दारात आल्यावर नको. पाळीच्या दिवसांत बसवायला सोपी जाते, आणि तू गरोदर नाहीस याचीही खात्री असते."

"म्हंजी गुरुवारी आली तरी चालंल?"

"गुरुवारी सिस्टर असतात. ये."