घरची परिस्थिती सांगू नका

(इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब लांबला आणि माझी अर्धी वेळ त्यात गेली. हरकत नाही, हिशोब जुळला असेल तर आनंदच आहे. (हशा)

'रेल्वेकडून खटल्याचं पत्र आलं तर उत्तर काय द्यायचं' हा आजचा विषय. तिकडे वळण्याआधी एक जुनी तक्रार मांडतो. तक्रार रेल्वेविरुद्ध नाही, आपल्या शाळेतल्या अर्जलेखनाविरुद्ध आहे. 'माननीय महोदय, मी आपला आज्ञाधारक विद्यार्थी, घरची परिस्थिती हलाखीची...' परिस्थिती सांगितली की समोरचा विरघळतो, असं आपल्या मनावर तेव्हापासून कोरलेलं आहे. फीमाफीला ते चालतं. इथे तीच परिस्थिती तुमच्याविरुद्ध साक्ष देते.

ओळखीतला एक मुलगा, सांगलीकडचा, इथे मास्टर्सला आलेला. मोबाइलवरच्या रेल्वेकार्डावर सवलतीचं तिकीट काढून रोज जायचा. एके दिवशी तपासनिसाने कार्ड पाहिलं, तर मुदत संपलेली. तपासनीस अगदी गोड बोलला. नाव-पत्ता घेतला, दोन प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली आणि 'हॅव अ नाइस डे' म्हणाला. आमच्या पठ्ठ्याला वाटलं, सुटलो.

त्याचंही चुकलं नाही हो. दादरला टीसीने धरलं की काय होतं? भाडं भरा, वर तेवढाच दंड, कमीत कमी २५० रुपये, पावती घ्या आणि पळा पुढची लोकल पकडायला. मामला पुलाखालीच मिटतो. तिथे टीसी ओरडतो म्हणून आपण घाबरतो. इथे कुणी ओरडत नाही, म्हणून घाबरायला विसरतो. पत्र येतं काही आठवड्यांनी, 'तुमच्यावर खटला भरण्याचा विचार आहे, तुमचं म्हणणं कळवा' असं सांगत. तोवर मुलगा ती गोष्ट विसरलेला असतो. खोली बदललेली असेल तर पत्र जुन्या घरमालकाच्या दारात.

या मुलाला पत्र मिळालं, आणि त्याने उत्तर लिहिलं. काय लिहिलं! वडिलांचं शेतीचं कर्ज, बहिणीचं लग्न, पौंडाचा भाव, पार्टटाइम नोकरीचे कमी झालेले तास, सगळं आलं. आणि मध्येच एक वाक्य: 'कार्ड संपल्याचं माहीत होतं, पण पैशांची ओढाताण असल्यामुळे नूतनीकरण लांबवलं.' मी ते पत्र वाचलं ते पाठवून झाल्यावर. म्हटलं, बाबा रे, त्यांना जे सिद्ध करायला धडपडावं लागलं असतं, ते तू सहीनिशी पाठवलंस. वर 'आपला नम्र'ही लिहिलंस! (हशा)

हे समजायला कायदा थोडा बघायला हवा. इथे दोन हत्यारं आहेत. एक, रेल्वेच्या उपविधींमधला, म्हणजे बायलॉजमधला, १८ वा. वैध तिकीट नाही म्हणजे गुन्हा. मनात काय होतं ते कुणी विचारत नाही. दुसरं, १८८९ च्या रेल्वे नियमन कायद्याचं कलम ५(३). इथे भाडं चुकवण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि शिक्षा १,००० पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. तो १८८९ चा कायदा आला का, तर आयर्लंडात आर्माजवळ सहलीच्या गाडीचे डबे उतारावरून मागे घरंगळले, मागून येणाऱ्या गाडीवर आदळले आणि सुमारे ८० माणसं गेली, बरीचशी लहान मुलं. ब्रेक आणि सिग्नल सक्तीचे करायला आणलेल्या त्या कायद्यात तिकिटाचं कलमही आहे, आणि आज सांगलीच्या पोराच्या पत्रात त्याचा नंबर येतो. यावर मी तासभर बोलू शकतो, पण अध्यक्ष घड्याळ बघतायत.

रेल्वे कंपन्याही काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. बंद खोलीत, एका मॅजिस्ट्रेटपुढे, नुसत्या कागदांवर निकाल लावायची इथे एक पद्धत आहे. कंपन्यांना ती उपविधींपुरती मोकळी होती. त्यांनी १८८९ च्या कायद्याचे खटलेही तिथेच चालवले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य मॅजिस्ट्रेट पॉल गोल्डस्प्रिंग यांनी ते रद्दबातल ठरवले. असे खटले सुमारे ७४,००० असावेत असा अंदाज होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात भाड्यातल्या अवघ्या १.९० पौंडांच्या फरकावरून नॉर्दर्न या रेल्वे कंपनीने एका तरुणाला खटल्याची धमकी दिली, बोभाटा झाला आणि माघार घेतली. पण सगळ्यांसाठी बोभाटा होत नाही.

पाच मिनिटं? दोन? बरं, भराभर सांगतो.

पत्र उघडा. हसू नका, कितीतरी लोक उघडतच नाहीत. कुठलं कलम लावलंय ते पाहा आणि दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. कंपनीला कोर्टात जायला घटनेपासून सहा महिने असतात, म्हणून गप्प बसून दिवस ढकलू असं वाटतं. तसं करू नका, गप्प माणसावर खटला भरणं सोपं असतं.

उत्तर अर्ध्या पानाचं. तारीख, गाडी, तिकीट, काय घडलं, बस. खोटं एक अक्षर नको, तपासनिसाची वही त्यांच्याकडे आहे. स्टेशनवर तिकिटाची सोय बंद होती, मशीन बिघडलं होतं, असं असेल तर ते ठळक लिहा. उपविधीत त्याला बचाव आहे. फोटो, अॅपच्या नोंदी जोडा. खरंच विसरला असाल तर विसरलो म्हणा. जाणूनबुजून केलं असेल, तर लिहिण्याआधी सॉलिसिटर गाठा, विद्यार्थी असाल तर युनिव्हर्सिटीचं सल्लाकेंद्र. शेवटी एक ओळ: 'बुडालेलं भाडं आणि तुमचा वाजवी खर्च भरायला तयार आहे, प्रकरण कोर्टाबाहेर मिटवावं.' मान्य करायला कंपन्या बांधील नाहीत, पण बऱ्याचदा करतात, सुनावणीच्या दिवशीसुद्धा. त्या मुलाचंही शेवटी असंच मिटलं, वकिलाच्या दुसऱ्या पत्रानंतर, तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मोजून. शिक्षा झाली असती तर व्हिसाच्या प्रत्येक अर्जात ती लिहावी लागली असती.

पत्ता बदलल्यामुळे खटल्याचा पत्ताच लागला नाही आणि निकाल होऊन गेला, तर कळल्यापासून २१ दिवसांत कोर्टात तसं शपथेवर सांगता येतं. मग खटला पुन्हा पहिल्यापासून. आणि जागेवर हातात पेनल्टी फेअरचा, म्हणजे दंडाच्या भाड्याचा, कागद पडला असेल, तर ते प्रकरण निराळं. त्याच्या अपिलालाही २१ दिवसच आहेत. ज्यांच्या खिशात तो कागद आत्ता आहे, त्यांनी चहाच्या वेळी भेटा.