पिल्लू माती का खातं?

[दृश्य: गच्चीवरच्या कुंड्या. गुलाबाच्या कुंडीत तोंड खुपसलेलं तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू.]

आधी हुंगलं, मग पंजाने उकरलं, आणि आता बघा, जबडा हलतोय. ओठांच्या कडेला ओली काळी माती चिकटली होती, तीही जिभेने चाटून झाली. "अरे, अरे!" करत कोणी धावत येईपर्यंत घास पोटात गेलेला असतो.

घरी पिल्लू आणलेल्या बहुतेकांना हे कधी ना कधी बघायला मिळतं. मग सल्ले सुरू होतात. शेजारच्या काकू म्हणतात, जंत झालेत. सोसायटीतले काका म्हणतात, कॅल्शियम कमी पडतंय. आणखी कोणी म्हणतं, लहान आहे, मोठं झालं की सुटेल. तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण आपल्या पिल्लाला त्यातलं काय लागू पडतं, ते पिल्लाकडे बघूनच कळतं. म्हणून आधी लक्ष ठेवा. कुठली माती खातंय? जेवणाच्या आधी, की एकटं असताना? नुसतं चाटतंय, की तोंडभर घेतंय?

पिल्लाला हात नाहीत. वस्तू मऊ की कडक, खायची की टाकायची, हे ते तोंडात घेऊनच ठरवतं. त्यात दातांची भर पडते. तीन-चार आठवड्यांचं असताना दुधाचे दात यायला लागतात, ते एकूण २८. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या दिवसांत हिरड्या शिवशिवतात, आणि नुकतंच पाणी घातलेल्या कुंडीतली गार माती, त्यातली मुळं चावायला बरी वाटतात. नुसतं चाखून सोडून देणाऱ्या पिल्लाची फार काळजी करू नका.

[दृश्य: खताची पोती, मूठभर पेंड हातात.]

काळजी करायची ती मातीत काय मिसळलंय याची. आपल्याला ती माती दिसते, पिल्लाच्या नाकाला त्यात जेवण सापडतं. शेणखत असतं, तांदूळ धुतलेलं पाणी ओतलेलं असतं, कावळ्याच्या चोचीतून पडलेला माशाचा काटा असतो. पिल्लू रोज अंगणातला एकच कोपरा उकरत असेल, तर तिथे खरकटं सांडतंय का ते आधी बघा.

गच्चीवर बाग करणारी मंडळी हौसेने बोनमील घालतात. ती दळलेली हाडं असतात, पिल्लाला त्यांचा वास लगेच लागतो. जास्त खाल्लं तर पोटात त्याचा घट्ट गोळा होतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी शोषून फुगतं, तेव्हा वाळलेलं कोकोपीट पोटात गेलं तर आतडं तुंबू शकतं. आणि सगळ्यात धोक्याची एरंडीची पेंड. सेंद्रिय खत म्हणून ती विकली जाते, कुत्र्यांना आवडते, आणि तिच्यात रायसिन नावाचं जहाल विष शिल्लक असू शकतं. खाल्ल्यावर लगेच काही दिसत नाही. काही तासांनी उलट्या, जुलाब, कधी रक्ताचे, आणि मग पिल्लू गळून जातं. घरात कुत्रं असेल तर ही पेंड बागेत नकोच. "सेंद्रिय आहे, त्याने काय होतंय" या समजुतीवर विसंबू नका. उंदरांचं औषध आणि गोगलगायी मारायच्या गोळ्या तर पिल्लाच्या वाटेत कधीच नकोत.

[दृश्य: डॉक्टर पिल्लाचा वरचा ओठ उचलून हिरडी दाखवत आहेत.]

आता जंतांकडे येऊ. काकूंचं म्हणणं इथे हसण्यावारी नेऊ नका. गोलकृमींच्या अळ्या कुत्रीच्या अंगात निपचित पडून राहतात, ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि पिल्लं पोटात असतानाच त्यांच्यात शिरतात. अंकुशकृमी हे दुसरे जंत तिच्या दुधातून येतात. लपलेल्या अळ्यांवर नेहमीचं जंताचं औषध चालत नाही. त्यामुळे "आईला औषध दिलं होतं" एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

अंकुशकृमी असतो जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा. तो आतड्याला चिकटून रक्त पितो. शीमध्ये तो सहसा दिसत नाही, शी मात्र काळी, डांबरासारखी होते. रक्त कमी झालेली कुत्री माती, विटा, भिंतीचा चुना असलं काहीबाही खाऊ लागतात. मातीतून पुन्हा जंतांची अंडी-अळ्या पोटात जातात, असं हे चक्र फिरत राहतं.

यासाठीच डॉक्टर ओठ उचलतात. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. पिल्लाच्या हिरड्या काळ्या असतील तर डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. फिकट, पांढुरका दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, मग आठ आठवड्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, असा साधारण क्रम असतो. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि अंदाजाने औषधं पाजत राहण्यापेक्षा ताजी शी डबीत घालून तपासायला द्या. शी रोजच्या रोज उचला, कारण गोलकृमीची अंडी मातीत पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लागण करण्याजोगी होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. घरात रांगतं मूल असेल तर ते जंत त्यालाही होऊ शकतात.

कॅल्शियमचं काय? आपल्याकडे पिल्लाला दूध-पोळी किंवा दूध-भात घालायची पद्धत आहे. प्रेमाने घालतात, पण नुसत्या त्यावर पिल्लाची हाडं आणि स्नायू भरत नाहीत, आणि दुधाने अनेकांना जुलाब होतात. वाढत्या पिल्लाला अंडी, मांस किंवा पिल्लांसाठीचं समतोल कोरडं खाणं लागतं. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा. परस्पर कॅल्शियमची बाटली आणून चमचे भरू नका. जास्त झालेलं कॅल्शियमही हाडं बिघडवतं, मोठ्या जातींच्या पिल्लांमध्ये तर जास्तच.

पोट भरलेलं, जंत नाहीत, हिरड्या गुलाबी, तरीही माती खातंय? मग ते कंटाळलेलं असण्याचा संभव फार. दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवलेल्या पिल्लाने करायचं तरी काय? त्यातून एकदा माती खाल्ल्यावर अख्खं घर मागे धावलं, तर त्याच्या लेखी तो दिवसातला सगळ्यात मजेचा खेळ ठरतो.

म्हणून धावू नका, ओरडू नका, जबड्यात बोटं घालून माती ओढू नका. हिसकावून घेतलं की पुढच्या वेळी ते घाईने गिळतं, काही पिल्लं गुरगुरायलाही शिकतात. कुंडीत तिखट टाकणं तर दुष्टपणा आहे. पिल्लाचं नाक आणि डोळे त्याने भाजून निघतात.

[दृश्य: जमिनीवर बसलेली मुलगी, तिची बंद मूठ, समोर पिल्लू.]

ही मुलगी काय करतेय ते बघा. मुठीत कोरड्या खाण्याचे दोन दाणे आहेत. पिल्लू मूठ चाटतं, पंजाने ओरबाडतं, दात लावून बघतं. ती गप्प बसली आहे. पिल्लू कंटाळून तोंड मागे घेतं, आणि तेवढ्यात ती "शाब्बास" म्हणते आणि दुसऱ्या हातातला उकडलेल्या चिकनचा तुकडा देते. हे जमलं की "राहू दे" हे शब्द त्याला जोडायचे. मग मूठ उघडी, मग दाणे जमिनीवर, आणि शेवटी पट्टा लावून कुंडीजवळ. तोंडात काही असेल तर "सोड" म्हणून तसाच तुकडा नाकाशी धरायचा, म्हणजे सौदा बरोबरीचा होतो. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरा. आजी "शी, टाक", बाबा "नो" आणि ताई "सोड" म्हणत असेल, तर पिल्लाने ऐकायचं कोणाचं?

हिरड्यांसाठी जुना सुती रुमाल भिजवून, पिळून, फ्रीजरमध्ये गारठवून द्या. तो चघळताना समोर बसा. जेवणाचे दाणे गोधडीच्या घड्यांमध्ये लपवा आणि नाकाला शोधू द्या. कुंड्या उंच मांडा, किंवा मातीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बसवा. दगड ठेवणार असाल तर तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे ठेवा.

बाहेर फिरताना पट्टा आखूड धरा. पार्व्हो या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो, आणि साधारण १६ आठवड्यांपर्यंत पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून चिखलात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतो, तोच आजार, ज्याच्यासाठी मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालू नका म्हणून सांगतात. त्याची लस आपल्या पिल्लाला दिली आहे का, डॉक्टरांना विचारा.

[दृश्य: दवाखान्याचं दार.]

वारंवार उलट्या, जेवणाकडे पाठ, टणक फुगलेलं पोट, शीसाठी कुंथणं, लडखडणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठानेच जीव जाऊ शकतो. निघताना खताची पिशवी किंवा औषधाचं वेष्टन सोबत घ्या. काहीच सापडलं नाही, तर पिल्लाने जी कुंडी उकरली तिच्यातली मूठभर माती पिशवीत बांधून न्या.